पाच नावं वहीत कशी बसवायची

वही म्हणजे डफावर म्हणायचं आपलं खानदेशी कथागीत. नंदुरबारच्या गोळीबारावर वही म्हणायची तर त्यात हुतात्मा झालेल्या पाचही पोरांची नावं आली पाहिजेत. यात तडजोड नको. तारीख ९ सप्टेंबर १९४२, 'भारत छोडो'च्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तो दिवस. शिरीषकुमार मेहता सगळ्यांना माहीत आहे. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे चौघं मात्र 'आणि त्याचे साथीदार' एवढ्यावर गडप होतात. भाषणांत हेच चालत आलंय.

वहीत हे दुरुस्त करता येतं, कारण मुख्य गायकाच्या मागे झीलकरी असतात. तो ओळ टाकतो, ते तिचा शेवट उचलून पुन्हा म्हणतात. म्हणून नाव ओळीच्या शेवटी ठेवायचं. मध्ये ठेवलं तर डफात बुडतं. पाचही नावं एका ओळीत कोंबू नका. धनसुखलाल आणि घनश्यामदास शेजारी आले की जीभ अडखळते, ठेका तुटतो. एका कडव्याला एक नाव द्या, झीलकऱ्यांनी ते दोनदा घ्यावं. मग कार्यक्रम संपल्यावर शाळेतली पोरं तीच नावं म्हणत घरी जातात. कथन अहिराणीत असू दे, पण त्या पोरांची घोषणा गुजरातीत होती, ती गुजरातीतच म्हणा. शिरीषकुमारची मातृभाषा गुजराती होती, ती पुसायचं कारण नाही.

आता डफाचं. १५ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर, दोन्ही कार्यक्रम पावसाळ्यात येतात. दमट हवेत चामडं सैल पडतं, दोन-तीन कडव्यांत आवाज बसतो. दोन डफ ठेवा. एक वाजत असताना दुसरा मागे निखाऱ्याच्या शेगडीवर शेकत राहू दे. ज्वाळेवर धरू नका आणि सतत फिरवत राहा, नाहीतर कडेला चामडं कडक होऊन तिथेच फाटतं. एप्रिलात उलटं. भर उन्हात ठेवलेला डफ आपोआप ताणला जातो आणि पहिल्याच जोरदार थापेला तडकतो. तो सावलीत, कापडात गुंडाळून ठेवा.

एप्रिल म्हणजे आंबापाणी आणि चिमठाणे. चिमठाण्याला क्रांतिकारकांनी इंग्रजांचा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला तो १४ एप्रिल १९४४ रोजी. 'बेचाळीस' तोंडात बसलंय म्हणून तेच म्हणू नका. चळवळ त्यानंतरही इथे जिवंत होती, हीच तर सांगायची गोष्ट आहे!

११ एप्रिल १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईवर म्हणताना बहुतेक गाणी इंग्रजांशी लढलेला भिल्ल म्होरक्या खाज्या नाईक याच्या शौर्यावर थांबतात. त्या दिवशी भिल्ल बायका मोठ्या संख्येने कैद झाल्या, त्यांच्यासाठी एक कडवं हवंच. आणि हा विषय भिल्ल, पावरा गायकांच्या हाती द्या. पावरी, ढोल ही वाद्यं त्यांची, बोलीही त्यांचीच राहू दे. आपल्या मंडळातल्या कुणाला डोक्याला पिसं लावून उभं करणं मला अजिबात पटत नाही.

साउंडवाल्याला पहिली गोष्ट सांगा, इको बंद. इकोत शब्द चिकटतात, नावं कळत नाहीत. माइक झीलकऱ्यांपुढे, दोघांत एक. डफाला वेगळा माइक बहुतेक लागतच नाही. लागलाच तर हातभर लांब, बाजूने.

वेळेचंही आधी ठरवून घ्या. पूर्वी वही रात्रभर चालायची, आता दहाला लाउडस्पीकर बंद. आयोजक सत्कार, हारतुरे, भाषणं करत साडेनऊ वाजवतात आणि मग कलावंतांना म्हणतात, 'जरा आटोपतं घ्या.' आटोपतं घेताना पहिली उडतात ती हीच नावं. चाळीस मिनिटं लेखी मागा, तीही भाषणांच्या आधी. गाडीभाडं आणि मानधन सुपारी देतानाच ठरवा. शेतातली मजुरी बुडवून माणसं येतात, त्यांची बोळवण नारळ-शालीवर करू नये.