‘बँकेशिवाय पैसा नाहीच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लोकांनी आपसात चालवलेल्या चलनाबद्दल एक मेसेज खूप फिरतो आहे. त्यात म्हटलंय, ‘बँकेशिवाय पैसा निर्माण होत नाही. स्थानिक चलन म्हणजे पुन्हा वस्तुविनिमय. त्यात कोणीही उधारी करून पळून जाईल. असले सगळे प्रयोग आजवर फसलेच आहेत.’ चारही दावे तपासू, कारण यावर विसंबून अनेक जण चांगला प्रयत्न सुरू होण्याआधीच सोडून देतात.

पहिला दावा झटपट निकालात निघतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात स्पष्ट लिहिलं की बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव लिहिते, आणि ती ठेव हाच नवा पैसा असतो. म्हणजे बँकेचा पैसाही बहुतांशी वहीतली नोंदच आहे. तिच्यामागे भांडवल, नियमन आणि मध्यवर्ती बँक उभी असते, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारू नये. पण एकमेकांवर विश्वास ठेवून नोंद करायला बँकच लागते असं नाही. १९८३ मध्ये कॅनडातल्या कॉमॉक्स व्हॅलीत मायकेल लिंटन यांनी सुरू केलेल्या ‘लेट्स’ पद्धतीत नोटा नव्हत्याच, होती ती फक्त सभासदांची खाती.

वस्तुविनिमयाचा आक्षेप या खात्यांची वही न पाहता घेतलेला आहे. तिघे सभासद घ्या, तिघांची बाकी शून्य; हिशेब रोखीऐवजी ‘एककां’त. सुतार शिक्षिकेला ३०० एककांचं कपाट करून देतो. शिक्षिकेच्या नावे ३००, म्हणजे उणे ३००; सुताराच्या खाती जमा ३००. शिक्षिका शिंप्याच्या मुलीला २०० एककांचं शिकवते. आता शिक्षिका उणे १००, शिंपी उणे २००, सुतार अधिक ३००. मग शिंपी सुताराचे २५० एककांचे कपडे शिवतो. शेवटी सुतार अधिक ५०, शिंपी अधिक ५०, शिक्षिका उणे १००. सुताराला शिकवणी नको होती आणि शिक्षिकेला कपडे नको होते, तरी काम अडलं नाही. वस्तुविनिमयात ते पहिल्याच पायरीला अडलं असतं. सगळ्या बाक्यांची बेरीज कायम शून्य येते. दर आठवड्याला ती करून पाहावी. शून्य आलं नाही तर कुठली तरी नोंद एकाच बाजूला लिहिली गेली आहे.

आता ‘पळून जाईल’. हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. वरच्या उदाहरणात शिक्षिका निघून गेली तर १०० एककांचं नुकसान होतं, त्याहून जास्त नाही. म्हणून प्रत्येकाला उणे बाकीची मर्यादा हवी. ती सभासदाच्या गरजेवर ठरवू नये, इतर सभासद तीन महिन्यांत त्याच्याकडून खरोखर किती घेतील यावर ठरवावी. नवा माणूस आधी काही विकेल, मगच त्याला उणे जाता यावं. बाक्या सर्वांना दिसाव्यात. प्रत्येक व्यवहारातून १ टक्का बुडीत निधीत टाकावा आणि कोणी बुडवलंच तर तिथून भरून काढावं. हे केलं नाही तर तोटा जमा बाकी असणाऱ्यांच्या माथी बसतो, आणि पहिले बाहेर पडतात तेही तेच.

मेसेज लिहिणाऱ्यांच्या लक्षात न आलेला धोका याच्या उलट बाजूला आहे. अशी वही चालवणारी मंडळं अनेकदा बुडवणाऱ्यांपेक्षा साठवणाऱ्यांमुळे बंद पडतात. किराणावाल्याकडे सगळे जातात, त्याच्या खाती हजारो एककं साचतात, पण त्याचा घाऊक व्यापारी मंडळात नाही. ती एककं खर्च कुठे करायची? काही महिन्यांत तो ‘आता रोखच द्या’ म्हणतो, आणि त्याच्यापाठोपाठ मंडळ आटतं. उपाय दोन. एक, जमा बाकीलाही मर्यादा घालावी. दोन, किमतीचा जेवढा भाग कच्च्या मालात जातो तेवढा रोखीत घ्यावा, उरलेला एककांत. ज्याच्या शंभराच्या मालाला सत्तर रोख लागतात, त्याला पूर्ण शंभर एककांत घ्यायला लावणं हा अन्याय आहे.

‘सगळे फसले’ हा दावा तर सरळ चुकीचा आहे. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावात १९३२ मध्ये महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी नगरपालिकेची चलनपत्रं काढली. दर महिन्याला १ टक्का किमतीचं तिकीट चिकटवलं नाही तर पत्र चालत नसे, म्हणून ती कोणी साठवत नव्हतं. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेच्या विरोधामुळे १९३३ मध्ये ती बंद करावी लागली. बंदी घातलेल्याला फसलेलं म्हणणं योग्य नाही. स्वित्झर्लंडमध्ये मंदीच्या काळात, १९३४ साली, उद्योजकांनी आपसातल्या अशाच व्यवहारांसाठी सुरू केलेली ‘विर’ सहकारी संस्था आजही चालू आहे. तिने १९३६ मध्ये बँकेचा परवाना घेतला, म्हणजे कायद्याशी जुळवून घेतलं.

अर्जेंटिना मात्र खरोखर फसलं, आणि शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे. १९९५ मध्ये बर्नालला सुरू झालेले विनिमय क्लब २००२ पर्यंत लाखो लोकांपर्यंत पोचले आणि मग कोसळले. तिथे छापील पत्रं होती. ती मालाच्या मानाने खूप जास्त निघाली आणि बनावट पत्रंही बाजारात आली. वहीत असं होत नाही, कारण एकाच्या नावे लिहिल्याशिवाय दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही.

एक मर्यादा मात्र खरी आहे: या वहीवर घरभाडं, वीजबिल आणि कर भागत नाहीत. एककांतली विक्रीही करपात्र उत्पन्न ठरू शकते आणि कर मात्र रोखीतच भरावा लागतो. म्हणून कोणीही नोकरी सोडून यावर अवलंबून राहू नये.

वही उघडण्याआधी एक कागद घ्या. वीसेक संभाव्य सभासदांकडून प्रत्येकी तीन विकण्याच्या आणि तीन घेण्याच्या गोष्टी लिहून घ्या. विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे बाण काढा. ज्याच्याकडून बाण निघतात पण ज्याच्याकडे एकही येत नाही, तो उद्याचा साठवणारा. त्याला हवं ते विकणारा सभासद सापडेपर्यंत पहिली नोंद करू नका.