भूत, एंट्री, रडू, लग्न

गेले चौदा महिने मी एक वाद्य घेतोय. घेतलं नाही, घेतोय. आमच्या घरात या क्रियापदाला घाई नसते. सोफासुद्धा आम्ही तीन वर्षं घेत होतो.

वाद्य म्हणजे सिंथेसायझर, विजेवर हवा तसा आवाज घडवायचा किबोर्ड. डिजिटल, पण लॅपटॉपमधला नव्हे. खराखुरा, टेबलावर ठेवून वर फडकं टाकता येईल असा. आणि कशासाठी, तर विचित्र आवाज काढायला. बँकेतली नोकरी सांभाळून मी डोंबिवलीतल्या पोरांच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत देतो. मानधन म्हणजे चहा आणि श्रेयनामावलीत नाव, तेही एकदा चुकून 'रंगभूषा'खाली आलं. पण ही पोरं मागतात काय! "दादा, इथे असा आवाज पाहिजे, की माणूस आतून रिकामा होतोय." पाऊस मागा, देतो. रातकिडे मागा, देतो. आतून रिकामा होणारा माणूस कुठून आणू? दोन वर्षांपूर्वी आमच्या कुकरची शिट्टी आठपट संथ करून दिली होती. गेल्या वर्षी पहिल्याच तालमीला दिग्दर्शक म्हणाला, "दादा, तो कुकर नको हां परत." म्हणजे त्याने ओळखला होता.

तिथून शोध सुरू झाला. रात्री घर झोपलं की हेडफोन लावून मी व्हिडिओ बघायला बसतो. प्रत्येकात एक दाढीवाला गृहस्थ, मागे कुंडीतलं झाड. तो एक पट्टी दाबून धरतो, एका नॉबचा कान हळूच पिळतो आणि डोळे मिटून घेतो. इतके डोळे मिटलेले पुरुष विपश्यनेच्या शिबिरातही सापडायचे नाहीत. एकदा मला फ्रान्समधल्या आर्टुरिया कंपनीचा मायक्रोफ्रीक आवडला. त्याच्या पंचवीस पट्ट्या दाबल्याच जात नाहीत, नुसतं बोट टेकायचं. मग त्याहून मोठा आवडला. मग 'एवढा मोठा घ्यायचा तर' असं म्हणत त्याहून मोठा. किमती पाच आकडी, आणि मी विचार करीपर्यंत पहिला आकडा वाढलेला. शेवटी एक तक्ता केला. पंधरा रकाने. तक्ता इतका सुरेख झाला, की दोन महिने मी त्यातच रमलो.

बाबांपासून हे लपवणं शक्य नव्हतं. ते बहात्तर वर्षांचे, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "याला आवाज किती?"

"पाचशेच्या वर."

"त्यातले तू वाजवणार किती?"

"बाबा, ते वाजवायचे नसतात. आपला आपण नवीन बनवायचा."

"म्हणजे पाचशे देऊनही हवा तो देत नाहीत."

मी त्यांना समजावायला बसलो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग नावाचे संगीतकार १९६७ साली संगणकावर एक स्वर हलवून बघत होते, आपण आंदोलन देतो तसा. वेग वाढवत नेला, आणि एका टप्प्याला हलणं ऐकूच येईना. स्वराचा रंगच बदलून गेला. हलणारी आणि हलवणारी लहर यांचं गुणोत्तर पूर्णांकात बसलं की आवाज सुरेल. अपूर्णांकात घसरलं की घंटा, पत्रा, घरंगळणारी परात. यामाहाने या युक्तीचा परवाना घेतला आणि १९८३ साली डीएक्स-सेव्हन नावाचा सिंथेसायझर बाजारात आणला. त्यात सहा लहरी आणि त्या एकमेकींत गुंतवायचे ३२ प्रकार. नॉब मात्र औषधालाही नाही. दोन ओळींचा पडदा, सपाट बटणं आणि मूल्य वरखाली करायला एक सरकती दांडी. किल्लीच्या भोकातून अख्खं घर झाडायचं म्हटलं तर काय होईल? जगभरच्या बहुतेक वादकांनी झाडू ठेवून दिला आणि कंपनीने भरून दिलेले आवाजच वाजवले. तरी त्या दशकातल्या निम्म्या गाण्यांत तो एकच काचेरी पियानो किणकिणतो, असा माझा तरी समज आहे.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गमक इतकी जलद घ्यायची, की परात पडल्यासारखी वाटली पाहिजे," ते म्हणाले. "आमच्या मंडळात आहेत एक जण. फुकट घेतात."

वर म्हणाले, "आणि विचित्र मला नको सांगूस. पेटी हे वाद्यच मूळचं पॅरिसचं. हिच्यातून स्वरावरून स्वरावर घसरणारी मींड निघत नाही, स्वरांमधल्या बारीक श्रुती निघत नाहीत म्हणून १९४० साली रेडिओने हिला बाहेर काढलं, ते १९७१ पर्यंत. एकतीस वर्षं हद्दपार! तिच्यावर मी रोज 'जय जय राम कृष्ण हरी' वाजवतो. कुणाला काही विचित्र वाटतं?"

बायकोची तऱ्हा वेगळी. ती ऑडिटमध्ये आहे.

"डिजिटल म्हणजे आत कॉम्प्युटरच ना?"

"हो, पण…"

"आणि तूच म्हणालास, की त्या डीएक्स-कायतरीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं."

म्हणालो होतो. 'डेक्स्ड' नावाचं आहे, लॅपटॉपवर चालतं, आणि एका गाफील क्षणी मी ते तिला कौतुकाने ऐकवलं होतं. 'फुकट' हा शब्द आमच्या घरात निकाल असतो, त्यावर अपील नाही. तरी मी चरणजित सिंगांचा दाखला काढला. मुंबईतले सिनेमासंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून त्यांवर राग वाजवले. त्यातलं टीबी-३०३ तर गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं. रेकॉर्ड खपली नाही. वीस वर्षांनी एका डच माणसाला ती सापडली, २०१० साली पुन्हा निघाली, आणि लोक म्हणायला लागले, की शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं जे नाचाचं संगीत पुढे गाजलं ते या गृहस्थांनी आधीच वाजवून ठेवलंय!

"म्हणजे आपले पैसे वसूल व्हायला अठ्ठावीस वर्षं," बायको म्हणाली.

खरं सांगायचं तर तिचंच बरोबर आहे. डिजिटल सिंथेसायझर म्हणजे एकाच कामाला जुंपलेला संगणक. पण मला तेच तर हवंय. लॅपटॉपवर भुताचा आवाज शोधायला बसलो की आधी अपडेट, मग एक मेल, मग सोसायटीच्या पाणीपट्टीचा वाद, आणि तासाभराने मी विजेचं बिल भरून उठतो. भूत तिथेच. ज्या यंत्रावर विजेचं बिल भरताच येणार नाही अशा यंत्रासाठी मी पैसे मोजायला तयार आहे. पण ऑडिटसमोर हे मांडणार कसं?

शेवटी एका शनिवारी मुंबईतल्या दुकानात गेलो. विक्रेता पोरगा उत्साही. "सर, यात ढोलकी नाही येत हां. हा बघा, तबला, तानपुरा, सनई, सगळं आहे, गणपतीत कामाला येईल." मी म्हटलं, ढोलकी नको. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि माझ्या यादीतला एक नग जोडून दिला. मी पट्टी धरली, कान पिळला, डोळे मिटले. दाढी तेवढी नव्हती. आवाज आला: टूं… टूं… टूं… मध्ये किंचित कण्हल्यासारखं. अप्रतिम! डोळे उघडले तर काउंटरवरचे शेठ जिन्याखाली वाकून इन्व्हर्टर तपासतायत, वॉचमन मेन स्विच बघतोय आणि विक्रेता पोरगा म्हणतोय, "शेठ, बॅटरी गेली वाटतं." मी हळूच बोट उचललं. आवाज थांबला. शेठ कपाळ पुसत म्हणाले, "आलं बघ ठिकाणावर." मी तक्त्यात नोंद केली आणि घरी आलो.

मग कळलं, की कल्याणला एक ऑर्केस्ट्रावाले काका जुना किबोर्ड विकतायत. ऐंशीच्या दशकातला, सहा लहरींच्याच जातीचा, पंधराएक किलोंचा. कंपनीचं नाव सांगत नाही. म्हातारपणी कुणाची दुखणी चव्हाट्यावर आणू नयेत. काकांनी पलंगाखालून तो ओढला आणि वरची जुनी चादर काढली. चार बटणांवरची छपाई पार पुसलेली, बाकीची कालच खोक्यातून काढल्यासारखी. आणि त्या चार बटणांखाली पिवळ्या पडलेल्या चिकटपट्ट्या, त्यांवर बॉलपेनने: भूत. एंट्री. रडू. लग्न.

"तीस वर्षं खेळ केले यावर," काका म्हणाले. "याच्याबाहेर काही लागलंच नाही कधी."

"बाकीची बटणं?"

"ती कंपनीची."

मी तक्ता घडी करून खिशात टाकला. काकांनी यंत्र चालू केलं, 'लग्न' दाबलं आणि पट्टीवर हात ठेवला. जे बाहेर आलं, त्यात कुणाचंही लग्न लागलं नसतं. एखादी कळशी विहिरीत पडत जावी, पडतच राहावी, आणि तळ येऊच नये, असं काहीतरी. माझ्या अंगावर काटा आला. आतून रिकामा होणारा माणूस!

काका ओशाळले. "मेमरीची बॅटरी संपली, साहेब. नाण्याएवढी असते आत. ती गेली की आवाजांचा काला होतो. बदलून देतो, एकदम ओके होईल."

"बदलू नका!" मी ओरडलोच. मग चेहरा शक्य तितका पडका करून म्हणालो, "म्हणजे, खराबच आहे तर."

"वीस सांगितले होते, पंधरा द्या. खराब माल गळ्यात मारल्याचं पाप नको."

मी मोबाइल काढला. बायकोला 'विचित्र मिळाला' असं लिहीत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. "अहो, ते तुमचं भुताटकीचं काढा जरा, चटणी वाटायचीय." आणि आमचा होकार यायच्या आत त्यांनी प्लग ओढून मिक्सर लावला.

चटणी झाली. काकांनी यंत्र परत लावलं, 'लग्न' दाबलं. कळशी नव्हती. आता पत्र्यावर कुणीतरी शिंकत होतं.

"बॅटरी नाही ना," काका म्हणाले. "दर वेळी नवीन काला."

"परत एकदा बंद-चालू करा."

त्यांनी केलं. डास. परत केलं. लोकल रुळ बदलते तसलं काहीतरी. परत केलं. अजिबात काही नाही. काकूंनी पोहे आणले. काका स्विचपाशी स्टूल घेऊन बसले, मी चार बटणांपाशी, आणि ते खटका मारायचे, मी भूत, एंट्री, रडू, लग्न दाबत जायचो. एकदा क्षणभर विहिरीचा काठ आल्यासारखा वाटला, पण 'रडू'वर, आणि तो कळशीचा नव्हता.

पावणेनऊला बायकोचा फोन आला.

"काय रे, घेतलास का?"

काकांचं बोट खटक्यावर होतं. मी त्यांना खुणेने थांबायला सांगितलं.

"घेतोय," म्हटलं.