कोकोबोलोच्या करंड्याचे पॉलिश चिकट का राहिले

नमस्कार. आपण मुलीच्या लग्नासाठी आमच्याकडून कोकोबोलो लाकडाचा कातीव करंडा घेतलात. वीस दिवसांनंतरही तो हाताला चिकट लागतो, झाकण अडकते आणि काठाला कुंकू धरून बसते, असे आपण लिहिले आहे. ही तक्रार पूर्णपणे खरी असून चूक आमची आहे. ‘पावसाळी हवा आहे, दोन दिवस उन्हात ठेवा’ असे आपल्याला आमच्याकडून फोनवर सांगण्यात आले, तेही चुकीचेच होते; उन्हाने हे पॉलिश सुकणार नाही, उलट लाकडाचा नारिंगी-तांबडा रंग काळवंडेल. ऐन लग्नघरात आपल्याला हा मनस्ताप झाला, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

कोकोबोलो हे मेक्सिकोपासून पनामापर्यंत वाढणारे, आपल्या शिसवीच्याच जातकुळीतले लाकूड आहे. इतके जड, की त्याचा तुकडा बहुधा पाण्यात बुडतो, आणि इतके तेलकट, की लेथवर कातताना त्याचा भुसा पटाशीला आणि बोटांना चिकटतो. करंड्याला ओले हात लागणार म्हणून आम्ही नेहमीचे लाखेचे पॉलिश सोडून तेलाचे व्हार्निश वापरले, आणि तिथेच फसलो. असे व्हार्निश नुसते पातळ द्रव्य उडून जाऊन वाळत नाही. त्यातले तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. कोकोबोलोच्या तेलकट अंशात ही क्रिया रोखून धरणारी द्रव्ये असतात, त्यामुळे थेट लाकडावर दिलेला पहिला हात आठवडेच्या आठवडे ओलसर राहू शकतो. लाकूड अ‍ॅसिटोनने पुसून घेतले होते, पण व्हार्निश दुसऱ्या दिवशी सकाळी लावले, आणि तोवर आतले तेल पुन्हा वर आले होते. नमुना आम्ही सागवानाच्या तुकड्यावर पाहिला होता, कोकोबोलोच्या नव्हे. शेवटी वरून मेण घासल्यामुळे करंडा हाताला कोरडा लागला आणि तसाच आपल्याकडे आला.

एक मुद्दा मात्र मला मान्य नाही. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसल्यावर कापूस नारिंगी झाला, म्हणजे साधे लाकूड रंगवून विकले, असा आपला निष्कर्ष आहे. रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोनच असते आणि ते या लाकडाचा अंगचा रंग ओढून काढते. न रंगवलेला कोरा तुकडा पुसला तरी बोळा असाच रंगतो. आपली इच्छा असेल तर त्याच लाकडाचा उरलेला तुकडा पाठवतो. तो मधोमध कापून आतली बाजू पुसून पाहावी.

करंडा परत पाठवल्यास सगळे व्हार्निश काढून, लाकूड अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडताच मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात देऊ. लाख स्पिरिट उडून वाळते, तिला ऑक्सिजनची वाट पाहावी लागत नाही, आणि तेलकट लाकडाला ती घट्ट धरते. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, तीही घर्षणाच्या उष्णतेने वितळून बसते. लाखेवरचा माझा विश्वास तिथूनच आला आहे. त्यावर आणखी तीन-चार पातळ हात आणि शेवटी मेण. आपण मागितलेली काचेसारखी जाड चकाकी यात येणार नाही आणि ती मी सुचवणारही नाही, कारण तिच्याखाली या लाकडाचा स्पर्शच हरवतो. लाखेला स्पिरिट आणि गरम पाणी सोसत नाही, त्यामुळे करंडा कोरड्या कापडानेच पुसावा लागेल. घासकामात झाकण किंचित सैल होण्याची शक्यता आहे, हेही आधीच सांगतो.

दुरुस्ती नको असेल तर पूर्ण पैसे परत करू. निर्णय आपला, आणि दोन्ही बाबतींत येण्याजाण्याचा कुरिअर खर्च आमचा. पाठवताना झाकण वेगळे गुंडाळावे आणि वर्तमानपत्राऐवजी मऊ प्लास्टिक वापरावे, कारण कागद सध्याच्या पॉलिशला चिकटून बसेल.