पॅरिसचं जाळं नूरनं बुडवलं नाही

नूर इनायत खानबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत येतो. शब्द थोडेफार बदलतात, आरोप तेच असतात. ही टिपू सुलतानाच्या घराण्यातली राजकन्या म्हणून उगाच डोक्यावर घेतलेली बाई. हेरगिरीला नालायक असं तिच्या प्रशिक्षकांनीच लिहून ठेवलं होतं. तिच्या गलथानपणामुळे पॅरिसमधलं ब्रिटिश हेरांचं अख्खं जाळं फुटलं. पकडल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. आणि राबली कुणासाठी, तर आपल्याला गुलाम ठेवणाऱ्या इंग्रजांसाठी.

यातला एक आरोप अर्धा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. बाकीचे मात्र नुसत्या तारखा ओळीनं मांडल्या तरी टिकत नाहीत. तीस वर्षांची एक मुलगी डाखाऊच्या छळछावणीत गोळी घालून मारली गेली. तिच्यावर एवढे आरोप करायचे, तर निदान तारखा तरी बघाव्यात.

राजकन्येचं आधी उरकून टाकते. नूरची पणजी टिपूच्या वंशातली होती असं तिच्या घरात सांगितलं जायचं, इतकंच. राजकन्या ही पदवी तिला नव्हती. तिचं घराणं गवयांचं, आणि ते बडोद्याचं. पणजोबा मौलाबक्ष सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते. १८८६ साली बडोद्यात सुरू झालेली गायनशाळा त्यांनी उभी केली. आज ती सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. नूरचे वडील इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले आणि १९१० मध्ये वीणा घेऊन पश्चिमेकडे निघाले. तिकडे त्यांनी ओरा रे बेकर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ चा, मॉस्कोतला. वाढली पॅरिसजवळच्या स्युरेन गावात. वीणा, पियानो, सूफी प्रार्थना आणि अहिंसेची शिकवण यांत तिचं बालपण गेलं. ती मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचा तिचा इंग्रजी संग्रह १९३९ मध्ये लंडनला छापला गेला. ज्यांना तिचं मोठेपण राजघराण्यात शोधायचं आहे आणि ज्यांना तेच खोडून काढायचं आहे, ते दोघंही चुकीच्या दारात उभे आहेत.

आता नालायकपणाचा शेरा. तो लिहिला गेला होता, हे खरं. एसओई या ब्रिटिशांच्या गुप्त कारवायांच्या संस्थेचं ब्यूली इथं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथल्या मे १९४३ च्या अहवालात नूरची बुद्धी बेताची, स्वभाव अस्थिर, शत्रूच्या मुलखात पाठवायला ही योग्य आहे का याची शंकाच, असं म्हटलं आहे. पण त्याच अहवालात, बुद्धीबद्दलच्या त्या शेऱ्याला लागूनच, तिनं मेहनत घेतली आणि उत्साह दाखवला असंही आहे. फॉरवर्डमधून तेवढा तुकडा गायब असतो. फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी हा अहवाल निरर्थक ठरवून बाजूला सारला. त्याला कारणही होतं. पॅरिसमध्ये वायरलेस ऑपरेटरची टंचाई होती, आणि नूर १९४० च्या नोव्हेंबरपासून विमानदलाच्या महिला शाखेत वायरलेस शिकलेली. तिचा मोर्सवर हात बसलेला होता, फ्रेंच तर ती लहानपणापासून बोलत होती. म्हणून तिचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडवून तिला पाठवलं गेलं. एसओईनं फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री ऑपरेटर. घाई वरच्यांनी केली. त्या घाईचं खापर तिच्या माथी फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

मुख्य आरोप जाळं फुटल्याचा, आणि इथे तारखाच बोलतात. नूर १६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर विमानानं निघाली आणि मध्यरात्रीनंतर अँजे शहराजवळच्या शेतात उतरली. २१ जूनला जर्मनांनी पॅरिसच्या दक्षिणेला, सोलोन भागात, या जाळ्यातले पिएर कुलिओली आणि इव्हॉन रुडेला यांना पकडलं. त्यांच्यासोबत नुकतेच पॅराशूटनं उतरलेले दोन कॅनडियन एजंटही सापडले. २३ जूनच्या रात्री पॅरिसमध्ये वायरलेसवाला गिल्बर्ट नॉर्मन आणि आंद्रे बोरेल पकडले गेले. २४ ला जाळ्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल हाती लागला. म्हणजे नूर येऊन आठवडा झाला होता. ज्या धाग्यानं हे सगळे ओढले गेले, तो तिच्यामुळे जर्मनांच्या हातात आला असं कुठे दिसत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. तिच्या विमानाच्या उतरण्याची व्यवस्था शेतात उभं राहून करणारा माणूस होता आँरी देरिकूर. हा पॅरिसमधल्या नाझी सुरक्षा सेवेच्या संपर्कात होता आणि विमानानं लंडनला जाणारी एजंटांची टपालं त्याच्यामार्फत जर्मनांपर्यंत पोहोचत होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना त्याचं नाव माहीत नसावं, किंवा माहीत असून ते गाळलेलं असावं.

गलथानपणा म्हणून जो किस्सा सांगतात तो ग्रिन्योंच्या शेतकी संस्थेतला. पहिल्याच दिवसांत नूरनं सांकेतिक कागद असलेली बॅग तिथे तशीच ठेवली. जाळ्यातलेच असलेले तिथले प्राध्यापक बालाशोव्स्की यांनी ती उचलून तिला परत दिली आणि चांगली समज दिली. चहात आधी दूध ओतायची तिची इंग्रजी सवयही त्यांच्या घरात लक्षात आली. फ्रान्समध्ये असं कुणी करत नाही, सांभाळ, असं तिला सांगावं लागलं. या चुका झाल्या, नाकारत नाही. पण ती बॅग जर्मनांच्या हाती पडली नाही, आणि दुधामुळे कुणी पकडलं गेलं नाही.

धरपकड सुरू झाल्यावर लंडननं तिला परत यायला सांगितलं. ती नाही म्हणाली, कारण त्या जाळ्यातली पॅरिसमध्ये उरलेली एकमेव ऑपरेटर तीच होती. ती गेली असती तर तिथे राहिलेल्या माणसांचा लंडनशी बोलण्याचा धागा तुटला असता. हे काम कसं होतं ते पाहा. वायरलेस सेट एका सुटकेसमध्ये, वजन साधारण पंधरा किलो. एरियलची तार कितीतरी मीटर लांब, ती खिडकीतून नाहीतर झाडावर पसरायची. जर्मनांच्या गाड्या दिशा शोधत रस्त्यांवरून फिरायच्या, त्यामुळे एका जागेवरून फार वेळ संदेश पाठवायची सोय नव्हती. आज या घरातून, उद्या त्या घरातून, केसांचा रंग बदलून. मेट्रोत एकदा दोन जर्मन सैनिकांनी सुटकेसमध्ये काय आहे म्हणून विचारलं. तिनं सिनेमाचं यंत्र आहे म्हणून सांगितलं, झाकण किंचित उघडून दाखवलं आणि ‘हे काय, दिसतंय ना, छोटे छोटे दिवे’ अशा सुरात त्यांनाच शहाणं केलं, असं तिच्या सोबत्यांनी पुढे सांगितलं. ब्यूलीच्या अहवालात बेताच्या बुद्धीची ठरलेली मुलगी हीच. तेव्हा पॅरिसमधला ऑपरेटर सहा आठवडे टिकला तर पुष्कळ, असा अंदाज धरला जायचा. नूर जवळजवळ चार महिने टिकली. ऑक्टोबरच्या मध्यावर ती पकडली गेली तीही तिच्या चुकीनं नाही. तिचा ठावठिकाणा पैशांसाठी विकला गेला होता.

आणि पकडली तेव्हा? फ्लॅटमध्ये दबा धरून बसलेल्या माणसाच्या मनगटाला ती कडकडून चावली. शेवटी त्यानं पिस्तूल रोखून, तिच्यापासून शक्य तेवढं लांब उभं राहून, फोनवर मदत मागवली. तिथून तिला आव्हन्यू फॉशवरच्या ८४ क्रमांकाच्या इमारतीत, नाझी सुरक्षा सेवेच्या पॅरिसमधल्या मुख्यालयात, नेलं. त्याच दिवशी आंघोळीचं निमित्त करून, दार लावून घेऊन ती खिडकीतून छपराच्या पन्हळीवर चढली. दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये, जॉन स्टार आणि लेओं फे या कैद्यांबरोबर झरोक्याचे गज सैल करून ती छपरावर पोहोचली. नेमका त्या रात्री विमानांचा हल्ला झाला, कोठड्या तपासल्या गेल्या आणि तिघं सापडले. पुन्हा पळणार नाही असा शब्द द्या, असं तिथला प्रमुख हान्स कीफर म्हणाला. स्टारनं दिला. नूर आणि फे यांनी दिला नाही. म्हणून तिला जर्मनीत पाठवलं गेलं.

युद्धानंतर कीफरची जबानी घेतली तेव्हा त्यानंच सांगितलं की नूरकडून त्यांना काही मिळालं नाही. ‘सगळं सांगून टाकलं’ म्हणणाऱ्यांनी एवढा विचार करावा: सगळं सांगणाऱ्या कैद्याला फोर्झहाइमच्या तुरुंगात दहा महिने हातापायांत साखळ्या घालून एकटीला कशाला ठेवतील? तिथे ती जेवणाच्या वाडग्याच्या बुडावर ओरखडून शेजारच्या फ्रेंच कैदी बायकांना निरोप द्यायची. नोरा बेकर हे आपलं घेतलेलं नाव आणि लंडनचा पत्ता तिनं तसाच कोरून कळवला. १३ सप्टेंबर १९४४ च्या पहाटे तिला डाखाऊत मारण्यात आलं.

आता तो अर्धा खरा आरोप, गलथानपणाचा. नूरनं पाठवलेल्या आणि आलेल्या सगळ्या संदेशांची नोंद एका वहीत ठेवली होती, आणि ती वही तिच्याबरोबर जर्मनांना सापडली. ही चूक मोठी होती. वहीच्या आधारानं जर्मनांनी तिच्या नावानं लंडनशी बोलणं चालू ठेवलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून उतरवलेले एजंट थेट त्यांच्या हातात पडले. शेवटी उतरलेल्यांत मादलेन दामरमाँ होती, आणि डाखाऊत नूरबरोबर ज्यांना गोळी घातली गेली, त्यांतही ती होती. नूरच्या वहीनं तिला तिथवर आणलं असं कुणी म्हटलं, तर मी लगेच नाही म्हणणार नाही.

पण विमान पाठवलं कुणी? वही सापडली म्हणजे लंडन आंधळं झालं असं नव्हतं. प्रत्येक संदेशात खरेपणाची खूण घालायची पद्धत होती. नॉर्मनचा सेट जर्मन वापरत होते तेव्हा ही खूण आलीच नाही, तर लंडननं उलट कळवलं की तू खूण विसरलास, पुढच्या वेळी नीट काळजी घे. म्हणजे पकडलेल्या माणसाच्या नावानं बोलणाऱ्या जर्मनांना लंडननं स्वतःच चूक दुरुस्त करायला सांगितली. ऑक्टोबर १९४३ मध्ये बर्नमार्गे आणखी एक इशारा आला: मादलेनला (हे नूरचं सांकेतिक नाव; दामरमाँ वेगळी) गंभीर अपघात झालाय, ती इस्पितळात आहे. याचा अर्थ सरळ होता. पण हा निरोप देणारी ‘सोनिया’ कोण हे लंडनला माहीत नव्हतं, म्हणून तो बाजूला पडला. ती सोनिया ओल्शानेझ्की, पॅरिसमध्येच भरती झालेली, जर्मनीतून आलेली ज्यू मुलगी. पुढे तीही पकडली गेली आणि जुलै १९४४ मध्ये नाट्झवाइलर छावणीत मारली गेली. युद्धानंतर चौकशी करणाऱ्या व्हेरा अ‍ॅटकिन्स यांनी आधी तिलाच नूर समजून तशी नोंद केली. नूर डाखाऊत मेली हे पुढे उलगडलं. जिनं इशारा दिला तिचं कुणी ऐकलं नाही, आणि मेल्यावर तिचं नावही तिच्याकडे राहिलं नाही. वहीचा दोष नूरच्या पदरात घालायचा असेल तर घाला, पण सबंध घात तिच्याच पदरात घालू नका.

राहिली इंग्रजांची चाकरी. नूर लढली ती आधी ज्या फ्रान्समध्ये वाढली त्याच्यासाठी. १९४० मध्ये घर सोडून इंग्लंडला पळावं लागल्यावर तिनं आणि तिचा भाऊ विलायत यानं ठरवलं, की आपण मारायचं नाही, पण धोक्याच्या कामातून मागेही हटायचं नाही. आणि १९४२ मध्ये, इकडे ‘भारत छोडो’ पेटलेलं असताना, विमानदलाच्या अधिकारीपदाच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलं गेलं. युद्ध चालू असेपर्यंत मी ब्रिटनशी प्रामाणिक राहीन, पण युद्ध संपल्यावर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू घेणं मला कर्तव्य वाटेल, असं तिनं गोऱ्या अधिकाऱ्यांसमोर सांगितलं. आता आपली निवड होत नाही, असंच समजून ती बाहेर आली. तिला इंग्रजांची चाकर म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं, पण बोर्डापुढचं हे उत्तरही त्याच मेसेजमध्ये लिहावं.