एका चित्रासमोर अर्धा तास

दहावीला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचे वाढीव गुण असावेत की नसावेत, हा वाद जळगाव-धुळ्याच्या नातेवाइकांशी बोलताना निकालाच्या दिवसांत हमखास निघतो. गुण काढले तर चित्रकलेला कुणी विचारणार नाही, असे काहींचे म्हणणे. तर एकाच गुरुजींकडे दोन वर्ग असलेल्या शाळेत कलेचे लाड कशाला, असे इतरांचे. दोन्हींत तथ्य आहे, पण मूल चित्राकडे पाहायला कुठे शिकते, हे कुणीच विचारत नाही, आणि लंडनमध्ये मुले वाढवताना मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

इथल्या नॅशनल गॅलरीत आंरी रूसोचे १८९१ सालचे वादळातल्या वाघाचे चित्र आहे. त्यासमोर मुले फरशीवर मांडी घालून बसतात आणि शिक्षिका चित्रकाराचे नावही न सांगता विचारते, ‘इथे काय चालले आहे?’ कुणी म्हणते, वाघ शिकारीवर झेप घेतोय. कुणी म्हणते, विजेला घाबरलाय. ‘कशावरून?’ असे विचारताच विस्फारलेले डोळे, विचकलेले दात आणि वाकलेले गवत मुले स्वतःच शोधून दाखवतात, आणि मागे उभे असलेले आईवडीलही हिरिरीने वादात उतरतात. याच गॅलरीने निवडलेल्या एकेका चित्रावरून देशभरातल्या प्राथमिक शाळा १९९५ पासून इतिहास, विज्ञान, गाणे असे काहीबाही शिकवत आल्या आहेत.

इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना सरकारी अनुदान आहे आणि २००१ पासून त्यांत प्रवेश मोफत आहे. ती ऐपत आपल्याकडे लगेच येणार नाही. मात्र ‘कशावरून?’ विचारायला पैसे लागत नाहीत. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचे घर आहे. अनेक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता या माणसाने टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश खेळवून, अख्खा निसर्ग वाटावा अशी छायाचित्रे घेतली. हे बर्फ आहे की दुसरेच काही, यावर दहा वर्षांचे मूल तासभर भांडेल! धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण आपल्या सहलीत मुलांची रांग ‘हात लावू नका, पुढे चला’ या घोषात पंधरा मिनिटांत बाहेर पडते.

म्हणून माझी सूचना लहान आहे. जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांनी पाळीपाळीने महिन्यातला एक रविवार द्यावा, मुलांसोबत आईवडिलांना आणि आजीलाही बोलवावे, एकाच चित्रासमोर अर्धा तास बसवावे आणि ‘तुले काय दिखस?’ असे अहिराणीतच विचारावे. गुणांचा वाद तोवर चालू राहिला तरी हरकत नाही.