डायल निवडा, पण अंधारात बघून

मायदेशातल्या आमच्या मित्रांमध्ये सध्या एकच वाद रंगलाय. एकाने जुन्या मोटरसायकलच्या मीटरसाठी मनाजोगती पांढरी डायल करून घेतली आहे. तिच्यामागे निळा एलईडी लावायचा की लाल? तिसरा म्हणतो, कंपनीने दिलंय त्याला हात लावूच नका.

हात जरूर लावावा, असं माझं मत. रोज नजरेसमोर असणारी वस्तू आवडीची का नसावी? निळ्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि तो इकडे आल्यावर पक्का झाला. तिकडे मी बहुधा दिव्यांच्या रस्त्यांवरच गाडी चालवली. मीटर कितीही झगझगीत असलं तरी खुपलं नाही. इकडे शहर सुटलं की रस्त्याला एक खांब नाही, आणि हिवाळ्यात चार-साडेचारलाच काळोख. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं घेतात. अंधुक उजेडात आपण ज्या पेशींनी बघतो, त्यांना निळसर-हिरवा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो आणि लाल जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे प्रखर निळ्या मीटरकडे पुन्हापुन्हा पाहिलं की समोरचा रस्ता अधिकच काळा होतो.

शिवाय मीटरवरची निळी खूण हाय बीमची, म्हणजे हेडलाइटचा लांबवर पडणारा झोत चालू असल्याची. निळ्या डायलवर ती हरवते. समोरून येणाऱ्या ट्रकने चार वेळा दिवा मारला, तेव्हा कुठे माझा हाय बीम चालू असल्याचं मला कळलं. त्या चालकाला किती त्रास झाला असेल!

मग लाल? इथे मित्रांचा मुद्दा बिनतोड आहे: पांढऱ्या डायलवर लाल उजेड पडला की लाल काटा आणि रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा दाखवणारी लाल रेघ) दोन्ही दिसेनाशी होतात. म्हणून मी काळी डायल घेतली. तिच्यात फक्त आकडे उजळतात. मागे मंद, पिवळसर पांढरा दिवा आणि उजेड कमी-जास्त करायचं बटण. माझ्या मते रंगापेक्षा हे बटण महत्त्वाचं.

मित्रा, डायल बदलताना काटा उपटण्याआधी एक कर. शून्यापाशी तो ज्या खुंटीला टेकतो तिच्यावरून अलगद उचल आणि मोकळा कुठे थांबतो तिथे खूण कर; परत बसवताना तो त्याच खुणेवर बसव. नाहीतर वेग चुकीचा दाखवेल. आणि दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरला मीटरमध्ये एकच बल्ब असेल, तर तो तसाच राहू दे. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, त्यामुळे खूण एकाच बाजूला लुकलुकेल.