नक्षी भिंतीवर चढवली म्हणजे परंपरा आली, असं होत नाही

लॅटव्हियाच्या लोकपरंपरेवरून एखादं आधुनिक प्रदर्शन केंद्र रचायचं असेल, तर सगळ्यात आधी काय करू नये हे मला ठामपणे सांगायचंय. तिथली नक्षी लेझरने कापून दर्शनी भिंतीवर चढवू नये.

विषय निघाला एका आर्किटेक्चर कॉलेजात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासताना. एका मुलीने रीगा शहरासाठी असं केंद्र रचलं होतं. मेहनत भरपूर होती. बाहेरून आठ टोकांचा ऑसेक्लिस तारा आणि जोडकणसाचं यूमिस हे चिन्ह भिंतभर, आत मात्र जगात कुठेही चालेल असा एसी हॉल. बाकीच्या परीक्षकांना ते फार भावलं, मला पटलं नाही. प्रदर्शनांची मांडणी हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे का पटलं नाही हे सविस्तर लिहायलाच हवं.

ही नक्षी कशावर वाढली ते आधी बघा. लॅटव्हियात लग्न ठरलेली मुलगी पेटीभर हातमोजे विणायची. सासरच्या माणसांना ते वाटायचेच, शिवाय चुलीपाशी, गोठ्यात, फाटकावरही ठेवायचे. कुठल्या भागातलं विणकाम आहे हे नक्षीवरून जाणकाराला कळायचं. 2006 साली रीगात नाटोची शिखर परिषद झाली, तेव्हा पाहुण्यांना द्यायला असे 4500 जोड हातांनी विणून घेतले होते. थोडक्यात, ही नक्षी अंगावर वागवायची आणि आपल्या हाताने दुसऱ्याला द्यायची. तीच तीस फूट उंच करून पत्र्यात कापली की देणारा हात नाहीसा होतो आणि उरतो एक लोगो.

शिवाय चिन्हांना इतिहास असतो. तिथल्या जुन्या नक्षीत आपल्या स्वस्तिकासारखा दिसणारा अग्निक्रूस आहे. 1919 पासून 1940 पर्यंत लॅटव्हियाच्या लष्करी विमानांवर तो लाल रंगात रंगवलेला असे. त्याचंच दुसरं नाव पेर्कोनक्रुस्त्स, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाचा क्रूस. हे नाव 1930 च्या दशकात तिथल्या एका फॅसिस्ट संघटनेने घेतलं. पिंटरेस्टवरून आकार उचलणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

मग परंपरेतून घ्यायचं काय? माझं उत्तर आहे एक लाकडी कपाट.

क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने आयुष्याचा मोठा काळ दायना गोळा करून लावण्यात घातला. दायना म्हणजे चार-चार ओळींची लोकगीतं. पाळण्याची, पेरणीची, लग्नाची, मरणाची, आणि हो, दळताना म्हणायचीही. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या, ते काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचं मोल सांगायला नको. गावोगावची माणसं बारोन्सना गाणी लिहून पाठवत. ते एकेक गाणं बोटभर लांब चिठ्ठीवर उतरवत. या चिठ्ठ्या ठेवायला त्यांनी 1880 मध्ये मॉस्कोत खास कपाट करून घेतलं. 70 खण, प्रत्येक खणात छोटे कप्पे, आणि सगळ्या मिळून अडीच लाखांहून जास्त चिठ्ठ्या. जन्मापासून मरणापर्यंतचं आयुष्य ज्या क्रमाने जातं, साधारण त्याच क्रमाने गाणी लावलेली. 1894 ते 1915 या काळात त्यांचे खंड छापले गेले. 2001 मध्ये युनेस्कोने या कपाटाची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली.

मला या कपाटात आख्ख्या प्रदर्शन केंद्राचा आराखडा दिसतो. संग्रह कुठे ठेवायचा आणि दाखवायचा कुठे, हे दोन प्रश्न त्यात वेगळे नाहीतच. आपण मात्र सगळीकडे कोठार तळघरात ढकलतो आणि निवडक वस्तू काचेआड मांडतो. तिथल्या केंद्रात कोठारच मधोमध हवं. लोकांना खण ओढता यावेत, आणि त्यात स्वतःची भरही घालता यावी.

भर घालण्याची ही रीत तिथे आजही जिवंत आहे. गुनार्स बिर्केर्ट्स यांनी लोककथेतल्या काचेच्या डोंगरावरून रचलेलं राष्ट्रीय ग्रंथालय 68 मीटर उंच आहे, आणि बारोन्सचं कपाट आता तिथेच आहे. डोंगराच्या आकाराचं कौतुक सगळे करतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते आतलं लोकांचं पुस्तक-शेल्फ. कुणीही आपलं पुस्तक, त्याची गोष्ट आत लिहून, तिथे द्यावं. जानेवारी 2014 मध्ये कडाक्याच्या थंडीत सुमारे 14,000 माणसांनी साखळी करून जुन्या इमारतीतली पुस्तकं हातोहात इथे आणली होती.

दुसरी गोष्ट शेतघराची. लॅटव्हियन शेतकऱ्याची वस्ती एका छपराखाली नसायची. राहतं घर, धान्याचं कोठार, गोठा, न्हाणीघर, मळणी-वाळवणीची 'रिया' हे सगळं सुटंसुटं आणि मध्ये अंगण. आगीची भीती हे एक कारण. रीगाबाहेर युग्ला तलावाकाठच्या खुल्या संग्रहालयात अशी शंभरावर जुनी बांधकामं आणून उभी केली आहेत. रियाजवळ थांबून बघावं. भिंती बुटक्या आणि वर त्यांच्या कितीतरी पट मोठं छप्पर. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत खाचा करून बसवलेले. प्रदर्शनाच्या हॉलला याहून चांगला नमुना मला तरी सुचत नाही. एक अवाढव्य शेड नको, अंगणाभोवती पाच-सहा छपरं हवीत. रीगात डिसेंबरचा दिवस सात तासांचाही नसतो, म्हणून तिरका उजेड कुठून आत येतो यावर प्रत्येक छपराचा उतार ठरावा.

हे सगळं स्वप्नाळू वाटत असेल तर रीगातल्या किप्साला बेटावरचं झानिस लिपके स्मारक बघा. नाझी काळात लिपके दांपत्याने पन्नासहून अधिक ज्यूंना वाचवलं. काहींना शेडखालच्या खड्ड्यात लपवलं. वास्तुकार झाइगा गाइले यांनी तिथे काळी लाकडी शेड बांधली, नदीकाठी उलटून ठेवलेल्या होडीसारखी. आत अंधार आहे आणि खालच्या तीन बाय तीन मीटरच्या खड्ड्यात फक्त वरून डोकावता येतं. चिन्ह एकही नाही, तरी ती शेड त्या बेटाचीच वाटते.

पैशांचा प्रश्न खरा आहे. 2016 मध्ये डेव्हिड अजाये यांच्या आराखड्याची रीगाच्या समकालीन कला संग्रहालयासाठी निवड झाली. लाकडी घरांच्या छपरांचा धागा त्यात होता, पण ती इमारत काही उभी राहिली नाही. म्हणूनच सुटी छपरं बरी. पैसा येईल तसं एकेक जोडता येतं. आधी अंगण, कोठार आणि विणकरांची एक शेड. अंगण मात्र पहिल्याच वर्षी पुरतं हवं, कारण 23 जूनला, लीगो या उन्हाळी सणाच्या रात्री, होळी पेटवायला माणसं येणारच, हॉल तयार असोत वा नसोत.

रीगात शिकणारं मराठी कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर जूनच्या सुरुवातीला युग्लाकाठी कारागिरांची जत्रा भरते, तिथे नक्की जा. आणि रियाच्या कोपऱ्यातल्या ओंडक्यांच्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो कमेंटमध्ये टाका.